नागपूरचा पराभव कर्स्टनच्या माथी कशाला?

'परदेशी कोच म्हणजे घरात घेतलेला हेर' असा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. परवा तो डिचोलीच्या माझ्या भावोजींकडे पोचला आणि त्यांनी तो भाच्याच्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकला. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर असल्या मेसेजसाठी वेळ घालवला नसता. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: भारत जिंकतो तो भारतीय कोचच्या हाताखालीच. परदेशी माणूस शेवटी स्वतःच्या देशाचंच बघतो. त्याला दिलेल्या पैशांत गावोगाव मैदानं झाली असती. आणि आपल्या माणसाला मात्र कुठलाच देश बोलावत नाही.

१९८३ चा विश्वचषक भारतीय कोचने जिंकून दिला, इथपासूनच मेसेज चुकतो. त्या संघाबरोबर कोच नव्हताच. पी. आर. मानसिंग होते ते मॅनेजर म्हणून. २०११ चा विश्वचषक आला तेव्हा कोच होता दक्षिण आफ्रिकेचा गॅरी कर्स्टन, आणि २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा झिम्बाब्वेचा डंकन फ्लेचर. भारताचा कोच राहिलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग चॅपेलबद्दल मेसेजमध्ये लिहिलंय ते मात्र नाइलाजाने मान्य करतो. गांगुलीशी उघड भांडण, ड्रेसिंग रूममध्ये अविश्वास आणि २००७ च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळणं, हे सगळं त्याच्याच काळात झालं. पण त्याच्या आधीचा जॉन राइटही परदेशीच होता, न्यूझीलंडचा, आणि त्याच्या हाताखाली आपण २००३ ची फायनल खेळलो. दोष पासपोर्टचा असता तर राइटही तसाच निघायला हवा होता.

आता तो हेराचा मुद्दा. मेसेज म्हणतो, २०११ च्या विश्वचषकात भारत एकच सामना हरला आणि तो नेमका दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, तेव्हा काय ते समजून घ्या. काय समजायचं? १२ मार्चला नागपूरला आपण १ बाद २६७ होतो. सचिनचं शतक झालेलं. तिथून शेवटचे नऊ गडी २९ धावांत गेले. डेल स्टेनने पाच घेतले. तरी सामना शेवटच्या षटकापर्यंत आला, त्यांना १३ हव्या होत्या, धोनीने चेंडू नेहराकडे दिला आणि रॉबिन पीटरसनने चार चेंडूंत काम संपवलं. यातलं कर्स्टनने काय केलं? उंच फटके मारून बाद झाला तो कर्स्टन नव्हता आणि शेवटचं षटकही त्याने टाकलं नाही. तीन आठवड्यांनी वानखेडेवर ज्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं, त्यांच्यापेक्षा या मेसेज लिहिणाऱ्याला जास्त कळतं का?

पुढचं वाक्य तर कहर आहे. कर्स्टन नंतर दक्षिण आफ्रिकेचा कोच झाला आणि 'आपली गुपितं घेऊन गेला'. मग ती गुपितं गेली कुठे? तो त्यांचा कोच असताना २०१२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात कोलंबोला आपण त्यांना एका धावेने हरवलं, आणि २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत कार्डिफला २६ धावांनी. धावफलक कुणालाही बघता येतो. पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटं काढून तेवढं बघायचं होतं, भावोजी.

या मुद्द्याने मला जास्त राग यायचं कारण वेगळं आहे. त्याच संध्याकाळी त्याच ग्रुपवर एका पालकाने लिहिलं, 'मग आपल्या पोरांना शिकवायला बेळगावचा माणूस कशाला? गोव्यात कोणी नाही?' खाली चार अंगठे. तो माणूस पोरांचा स्टान्स एकेकाचा हात धरून सुधारतो, पावसात सराव बंद पडला की देवळाच्या मंडपात कॅच घ्यायला लावतो. त्याच्यावर कालपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. कर्स्टनवरचा खोटा आळ बघता बघता त्याच्या अंगावर आला, आणि तोही अशा गोव्यात, जिथे २०१४ साली ब्राझीलचा झिको एफसी गोवा या फुटबॉल संघाचा कोच म्हणून आला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं! दुसऱ्याच वर्षी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगची फायनल झाली. झिको आल्याने आपल्या गोव्याचे कोच आर्मांदो कोलासो यांचं धेंपो या फुटबॉल क्लबमधलं काम पुसलं गेलं का?

पैशाचं उत्तर लहान आहे. कोच भारतीय असला तरी बीसीसीआय त्याला पगार देतेच. आणि आपल्याकडे मैदान अडतं ते जागेवर: जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक मालकीची) की भाटकाराची (जमीनदाराची), आणि पंचायत काय म्हणते, यावर.

राहिलं, आपल्याला कोणी बोलावत नाही हे. २००३ च्या विश्वचषकात केनियाचा संघ सेमीफायनलला पोचला, त्याचे कोच होते मुंबईचे संदीप पाटील. डर्बनला त्यांची गाठ भारताशी पडली. भारताचा कोच न्यूझीलंडचा, केनियाचा कोच भारताचा, आणि केनिया ९१ धावांनी हरला. म्हणून पाटलांनी सामना सोडला असं म्हणायचं का? लालचंद राजपूत अफगाणिस्तानचे कोच असतानाच, २०१७ मध्ये त्या देशाला कसोटी दर्जा मिळाला. पुढे ते झिम्बाब्वेला गेले. आणि २०१९ मध्ये भारतात खेळायला आलेल्या दक्षिण आफ्रिकेने फलंदाजीचा कोच म्हणून अमोल मुझुमदारला घेतलं होतं, त्याच अमोलला, ज्याच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलींनी २०२५ चा विश्वचषक जिंकला, आणि फायनलमध्ये समोर होती दक्षिण आफ्रिकाच.