दहा टक्के शेतं पाहिली की अंदाज पक्का?

एक संदेश बराच फिरतोय: किमान दहा टक्के शेतं पाहिल्याशिवाय पिकाखालच्या क्षेत्राचा अंदाज म्हणजे निव्वळ ठोकताळा, त्याच फेरीत जनावरंही मोजून होतात, आणि आता उपग्रह असताना शेतात जायचंच कशाला?

आधी दहा टक्के. सगळी शेतं न पाहता काही निवडकच पाहिली, म्हणजे नमुना घेतला, की अंदाजात येणारी त्रुटी ठरते ती मुख्यतः किती शेतं पाहिली यावर. एक लाखातून हजार घ्या की एक कोटीतून हजार, अंदाज जवळपास सारखाच भरवशाचा. टक्क्यांचा हट्ट धरला की लहान प्रदेशात नमुना अपुरा पडतो आणि मोठ्या प्रदेशात पैसा वाया जातो.

खरी मेख निवडीत आहे. शेजारच्या शेतांची माती एक, पाणी एक, त्यामुळे पीकही बरेचदा एकच. हे साम्य, म्हणजे गावातल्या गावातला सहसंबंध, अवघा 0.05 धरला (0 म्हणजे काहीच साम्य नाही, 1 म्हणजे सगळी अगदी सारखी) तरी दहा गावांतली शंभर-शंभर शेतं सुट्या निवडलेल्या जेमतेम 168 शेतांइतकीच माहिती देतात. शंभर गावांतली दहा-दहा घेतली तर सुमारे 690 इतकी. अर्थात गावं वाढली की प्रवासखर्च वाढतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस बंगालमध्ये तागाच्या पाहण्या केल्या, तेव्हा खर्च आणि अचूकता यांचा मेळ हाच मुख्य प्रश्न होता.

जनावरांचं गणित तर निराळंच. समजा हजार पशुपालक आहेत: 990 जणांकडे सरासरी तीन जनावरं, दहा जणांकडे पाचशे-पाचशे. एकूण 7,970. यातून सरसकट शंभर जण चिठ्ठी टाकून निवडले, तर त्यात एकही मोठा पशुपालक नसण्याची शक्यता सुमारे 35 टक्के. तसं झालं तर अंदाज तीन हजारांच्या आसपास येतो. दोन मोठे आले तर जवळपास तेरा हजार! म्हणून मोठे दहा यादीवरून सगळेच्या सगळे मोजायचे आणि उरलेल्या 990 मधून 90 निवडायचे. तेवढ्याच कष्टात अंदाज खऱ्या आकड्याजवळ येतो. शिवाय चरायला आलेली गाय दिसली तिथली धरायची की मालक राहतो तिथली, हे आधी ठरवलं नाही तर ती दोनदा मोजली जाते किंवा सुटते.

आता उपग्रह. (गोठ्यातली जनावरं वरून दिसत नाहीत, ते सोडा.) एखादं पीक दहा टक्के जमिनीवर आहे आणि नकाशा 90 टक्के अचूक आहे असं धरू. म्हणजे पिकाचा नऊ-दशांश भाग तो बरोबर ओळखतो, पण बाकीच्या जमिनीचा एक-दशांश भागही पीक म्हणून रंगवतो. नकाशावरचं पीक मग 9 अधिक 9, म्हणजे 18 टक्के! जवळजवळ दुप्पट. नकाशावरचे नुसते ठिपके मोजून क्षेत्र काढणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. नकाशा फार उपयोगाचा आहे, पण प्रदेशाचे स्तर, म्हणजे एकसारख्या भागांचे गट, पाडायला आणि नमुन्यातून आलेला अंदाज धारदार करायला. हे 18 चे 10 करायला प्रत्यक्ष पाहिलेली शेतंच लागतात, आणि तीही रस्त्याकडेची सोयीची घेऊन चालत नाही.