मालकाचं उत्तर: मोगरा पिवळा पडला, खत आमचंच कच्चं होतं

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की आमचं कंपोस्ट मिसळून कुंडी भरली आणि तीन आठवड्यांत मोगऱ्याची पानं पिवळी पडली, पोत्यात निम्मी मातीच निघाली, आणि फोन केला तर दुकानातला मुलगा "पाणी जास्त झालं असेल" म्हणून मोकळा झाला.

आज सकाळी त्याच ढिगातलं एक पोतं फोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. आत चांगली ऊब लागली. गव्हाचं काड अजून काडच होतं, बोटांत चुरडेना. पाऊस तोंडावर आला म्हणून घाईने आम्ही ढीग दोनच महिन्यांत पोत्यांत भरला. तीन महिने द्यायलाच हवे होते.

असं काड कुंडीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. झाड उपाशी पडतं, मग जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. तुमच्या फोटोत खालचीच पानं पिवळी आहेत, ती म्हणूनच. (शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असत्या, तर आपल्या माळव्याच्या चुनखडी काळ्या मातीत लोह मिळत नाही, असं म्हटलं असतं.) पाण्याचा यात काही संबंध नाही. त्या उत्तराबद्दल मी मनापासून माफी मागतो.

मोगरा उपटू नका. मूठभर मोहरीची पेंड दोन लिटर पाण्यात चार दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घालून आठवड्यातून एकदा कपभर द्या. पिवळी पानं गळतील, नव्या फुटीकडे लक्ष ठेवा. काड कुजलं की अडकलेलं नत्रही मातीत परत येतं.

माती मात्र भेसळ नाही, ताई. कंपोस्ट करायच्या इंदूर पद्धतीत काडीकचरा आणि शेणाच्या थरांत थोडी माती आणि राख घालतातच, त्याने आंबटपणा मरतो. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथे होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ही पद्धत आपल्याच इंदुरात बसवली. खत पिकलं असतं तर माती वेगळी दिसलीच नसती. कच्च्या खतातून ती हलून तळाशी बसली.

त्या ढिगाची विक्री आजपासून बंद केली आहे. तुमचे पैसे परत करतो आणि पिकलेलं पोतं घरी पोचवतो. याच ढिगातलं खत आणखी कोणी नेलं असेल तर परत आणा, पोतं अर्धं वापरलेलं असलं तरी चालेल.