रोबोटिक्स लॅबचा पैसा आणि राजकारण

मुलांच्या रोबोटिक्समध्ये राजकारण आणू नका, असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. अहो, सरकारी पैसा म्हटला की राजकारण आलंच, कुणाला द्यायचा हे निवडून आलेलेच ठरवतात ना. 1957 ला सोव्हिएत युनियनने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि 1958 मध्ये अमेरिकेत नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, शाळांच्या गणित-विज्ञानाला पैसा मिळाला. कायद्याच्या नावातच डिफेन्स! म्हणजे मागे पडायच्या धास्तीनेच तिजोरी उघडली, पण मुलांच्या हातात उपकरणं आली हे खरंच.

आता शाळेतली रोबोटिक्स लॅब पुढाऱ्यांना आवडते कारण तिचं उद्घाटन करता येतं, थ्रीडी प्रिंटरसमोर फोटो निघतो. घ्या की श्रेय, खुशाल घ्या. गाडी अडते ती नंतर. मुलं वायर उलटी जोडतात, मोटर ड्रायव्हर म्हणजे मोटरला वीज देणारी चिप जळते, सर्वो नावाच्या छोट्या मोटरच्या गिअरचे दात तुटतात, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगते, आणि हे होणारच, होत नसेल तर मुलांना हात लावू देत नाहीयेत असं समजा. जळलेली असते नखाएवढी चिप, पण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद अख्ख्या किटची, सुटा भाग घ्यायला हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, नाही, मग सर तरी काय करणार, किट कपाटात आणि कपाटाला कुलूप. ज्यांना खरंच शिकायचं होतं ती पोरं काचेतून बघत बसतात, याचा फार त्रास होतो मला.

शाळांत अशा लॅब उभारायची केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना 2016 मध्ये सुरू झाली, सहावी ते बारावीसाठी, शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, त्यातले 10 लाख उभारणीला आणि 10 लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चाला. ही विभागणी मला मनापासून आवडते, वर्ग चालवलेल्या माणसाचं डोकं त्यात दिसतं. पण सहाव्या वर्षी काय? 2025 च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत 50,000 लॅब करायची घोषणा झाली, आनंदच आहे, तेवढंच हे सहाव्या वर्षाचंही आत्ताच ठरवा.

कुणी म्हणतं सरकार कशाला, कंपन्या देतील. अमेरिकन संशोधक डीन केमेन यांनी 1989 मध्ये सुरू केलेली, मुलांच्या रोबोट स्पर्धा भरवणारी फर्स्ट ही संस्था बरीचशी स्पॉन्सर आणि स्वयंसेवकांच्या जोरावर जगभर पोचली, मोठंच काम आहे ते. पण स्पॉन्सर मिळतो कुणाला, जिथे आसपास कंपन्या आहेत आणि पालकांच्या ओळखी आहेत त्या टीमला. बाकीच्यांना सरकारशिवाय कोण आहे? आणि पैसा जमला तरी राजकारण सुटत नाहीच, 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या फर्स्ट ग्लोबल या रोबोट स्पर्धेसाठी अफगाण मुलींच्या टीमला दोनदा व्हिसा नाकारला गेला, शेवटी ट्रम्प यांनी लक्ष घातलं तेव्हा त्या पोचल्या. रोबोट तयार होता, अडलं होतं कागदावर.

म्हणून माझं म्हणणं, मतं मागायला येतील त्यांच्याशी हे बोला. सुट्या भागांसाठी दरवर्षी वेगळं हेड मागा, खर्चाचा अधिकार शाळेलाच मागा, आणि शिकवणाऱ्याला अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर लटकवू नका म्हणावं, कारण तो गेला की लॅब बंद पडते. योजनेला नाव कुणाचं द्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण सरकार बदलल्यावर नवी योजना काढताना जुन्या शाळांचा चालू खर्च थांबवायचा नाही, एवढं लेखी घ्या.