क्रूझवरचं जेवण नुसतं ‘गरम करून’ वाढत नाहीत

एक मेसेज सध्या फार फिरतोय. क्रूझवरचं जेवण जमिनीवरच शिजवून गोठवलेलं असतं, जहाजावर ते नुसतं गरम करतात. बुफेत कालचं उरलेलं मिसळतात, म्हणूनच लोक आजारी पडतात. नीट जेवायचं तर वेगळे पैसे मोजा, आणि शाकाहारी असाल तर सॅलडवर दिवस काढा. मी काही वर्षं एका मोठ्या जहाजाच्या गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात काम केलंय. हे वाचून राहवलं नाही.

मांस-मासळी बहुतेक गोठवलेली येते, हे खरं. पण गोठवलेलं म्हणजे शिळं नव्हे. बहुतेक जातींचा मासा कच्चा वाढायचा असेल तर तो आधी उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवावा, असा अमेरिकेतला नियमच आहे. त्यात परजीवी मरतात. काही पेस्ट्र्या तयार येतात, तेही मान्य. बाकी बहुतेक सगळं जहाजावरच शिजतं. आमच्याकडे बेकरीची पाळी रात्रीची असायची. प्रवासी झोपलेले असताना पीठ मळलं जायचं, आणि पहाटे चारला पावाची पहिली खेप भट्टीतून बाहेर पडायची तेव्हा वास पार जिन्यापर्यंत जायचा.

चव कमी पडते ती वेगळ्याच कारणानं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात, खाण्याची ठिकाणं वीसहून अधिक. एवढ्या माणसांना ठरल्या वेळी वाढायचं म्हणजे काही ताटं आधी भरून थांबवावीच लागतात, आणि थांबलेलं मांस कोरडं पडतं. बुफेतली अंड्याची भुर्जीही बरेचदा पाश्चराइज केलेल्या पातळ अंड्याची असते, ती मला स्वतःला आवडत नाही. शेजारच्या काउंटरवर समोर ऑम्लेट करून देतात, तिथं रांग लावा.

पैशांचं म्हणाल तर मुख्य डायनिंग रूम आणि बुफे सहसा तिकिटातच असतात. जादा पैसे पडतात ते स्पेशॅलिटी रेस्तराँ आणि दारूचे. मुख्य डायनिंग रूममध्ये पोटभर आणि चांगलं जेवता येतं.

शाकाहाराचं दुखणं मात्र बरेचदा न सांगितल्यामुळे होतं. बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा. आमच्याकडे तो उद्याचा मेनू आदल्या रात्रीच आणून दाखवायचा आणि सांगाल ते वेगळं करून द्यायचा. ऐन वेळी सांगितलं की मग सॅलडच उरतं.

आता आजारपण. मेसेजमधला सर्वांत घातक भाग हाच, कारण तो लोकांना भलत्याच गोष्टीला घाबरवतो. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या मोठ्या परदेशी फेरीच्या जहाजांची तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे निरीक्षक न कळवता तपासणी करतात. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास, आणि गुण सगळ्यांना बघायला खुले. थंड पदार्थ ५ अंशांच्या आत, गरम ५७ च्या वर. जे या तापमानात ठेवत नाहीत, त्या ट्रेवर वेळ टाकलेली असते आणि चार तास झाले की ते फेकायचं. भरलेला ट्रे कचऱ्यात रिकामा करताना माझा जीव तुटायचा, पण ‘राहू दे’ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

मग लोक आजारी का पडतात? बहुतेक साथी नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूच्या असतात, आणि तो मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो: हातातून, कठड्यावरून, बुफेतल्या चिमट्यावरून. सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. साथीची शंका आली की आम्ही आधी चिमटे उचलायचो आणि स्वतः वाढायला उभे राहायचो. तेव्हाही दारातल्या बेसिनला वळसा घालून थेट काउंटरवर येणारे लोक रोज दिसायचे.