बी-२ची गोळी आणि अर्धा तास ऊन: केराटोकोनसवरचा हा ‘घरगुती उपाय’ मुलांवर करू नका

केराटोकोनस या आजारात डोळ्याच्या समोरचं पारदर्शक आवरण, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. केराटोकोनसवर डॉक्टर करतात ते क्रॉस-लिंकिंग म्हणजे फक्त बी-२ जीवनसत्त्व आणि अतिनील किरण. मग गोळ्या खाऊन रोज अर्धा तास उन्हात बसा, तेच काम फुकटात होईल. वर आणखी दोन वाक्यं: दवाखान्यातले किरण डोळा जाळतात, आणि एवढं करून चष्मा सुटत नाहीच.

पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ हे खरंच. पण कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. गोळीतलं जास्तीचं बी-२ लघवीवाटे निघून जातं. म्हणून ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडलेल्या मूळ पद्धतीत कॉर्नियाची वरची नाजूक त्वचा काढून ०.१ टक्का रायबोफ्लेविनचे थेंब अर्धा तास घालतात. मग ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट, ३० मिनिटं. त्यातून कॉर्नियातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि पातळ होत चाललेला कॉर्निया ताठ होतो.

उन्हाला असं मोजमाप नसतं. सूर्याकडे टक लावून पाहिलं तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग भाजतो, आणि ती नजर परत येईलच असं नाही. ऊन डोळ्यांना बरं असतं तर किनाऱ्यावर रापण (मोठं जाळं) ओढणाऱ्यांना, शेतात राबणाऱ्यांना वडस (बुबुळावर वाढणारा मांसल पडदा) येण्याचा धोका जास्त का असता?

दवाखान्यातले किरण डोळा जाळतात म्हणे. कॉर्नियात मुरलेलं रायबोफ्लेविनच बरेचसे किरण शोषून घेतं आणि आतल्या भागांना वाचवतं. मात्र त्यासाठी कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) जाड असावा लागतो. पातळ डोळ्यांसाठी आता कॉर्निया तात्पुरता फुगवणारे थेंब आहेत. चेन्नईच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स वर ठेवून करायची पद्धत मांडली. किरणांची तीव्रता ९ मिलिवॉट केली की वेळ १० मिनिटांवर येतो. धोका शून्य नाही: काही दिवस दुखतं, धूसर दिसतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो. म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत समुद्रात, तळीत पोहणं बंद.

चष्मा सुटत नाही हे बरोबर. पण ही चष्मा घालवायची शस्त्रक्रिया नव्हेच. आजार आहे तिथे थांबावा, कॉर्निया बदलण्याची पाळी येऊ नये, यासाठी ती करतात. गेलेला आकार बहुतेक परत येत नाही, त्यामुळे उन्हाच्या प्रयोगात घालवलेलं वर्ष महाग पडतं, विशेषतः किशोरवयात, कारण तेव्हा आजार झपाट्याने वाढतो. मुलाचा सिलिंडरचा नंबर सारखा बदलत असेल, तो डोळे चोळत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे टोपोग्राफीचं, म्हणजे कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा, आणि खाजेवर औषध आजच सुरू करून घ्या.