मातीपेक्षा छप्पर बघा
वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांच्यावरच्या लेखातलं ‘फ्रान्सिस केरे यांनी गांडोच्या लोकांना मातीचं मोल पटवून दिलं’ हे वाक्य अर्धवट वाटलं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या या खेड्याला माती काय नवीन? पावसात मातीच्या भिंती ढासळतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर केरे यांनी मातीची शाळा बांधायची म्हटल्यावर आधी गावानेच शंका काढली. २००१ सालच्या त्या शाळेची खरी करामत छपरात आहे: विटांच्या सच्छिद्र छताच्या वर उचललेला, भिंतींच्या बराच बाहेर आलेला पत्रा. भिंती भिजत नाहीत, गरम हवा मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. (सातवीपर्यंत नुसत्या पत्र्याखाली शिकलोय, याची किंमत मला विचारा!)

आणि बांधकामाला अख्खं गाव राबलं, ते का गाळलं? केरे यांना २०२२ साली मिळालेल्या प्रित्झकर या वास्तुकलेतल्या मानाच्या पुरस्कारापेक्षा मला तेच मोठं वाटतं.