क्नाउसगोर न वाचता क्नाउसगोरवर कसं बोलावं

परवा एका चर्चेत वक्त्यांनी नॉर्वेचा लेखक कार्ल ओव्ह क्नाउसगोरचा निकाल लावला: "डायरी आहे हो नुसती." टाळ्या पडल्या. तुम्हालाही जमेल.

त्याच्या 'मिन काम्प' (माझा संघर्ष) या आत्मकथनात्मक कादंबरीचा पहिला भाग तेवढा विकत घ्या. सहा भाग, साडेतीन हजारांच्या आसपास पानं, २००९ ते २०११ मधली. वाचत बसलात तर बोलणार कधी?

शीर्षक हिटलरच्या 'माइन काम्फ' या पुस्तकाचं आहे, हे आवाज खाली आणून सांगा. सहाव्या भागात हिटलरच्या तरुणपणाबद्दल आणि पाउल त्सेलानच्या कवितेबद्दल शेकडो पानं आहेत, तिकडे फिरकू नका.

आठवणींवरच महाकादंबरी लिहिणाऱ्या फ्रेंच प्रूस्तचं नाव दोनदा घ्या.

मग हुकमी वाक्य: "घडलं तसं उतरवलं, यात कला कसली?" त्यासाठी पहिल्या भागाचा उत्तरार्ध न वाचणं अत्यावश्यक. बाप दारू पिऊन क्रिस्तियानसानला आजीच्या घरात मेलाय. दोघे भाऊ ते घर साफ करतात. बाटल्या, कुजके कपडे, घाण, जिन्याचा कठडा. पानंच्या पानं घासणं. ज्याच्या धाकात पोरगा वाढला त्या बापाबद्दल काय वाटतंय ते त्याला कळत नाही, म्हणून तो घासतो, मध्येच रडतो, पुन्हा घासतो. ही डायरी? बाप १९९८ साली गेला, पुस्तक २००९ साली आलं. मधली कित्येक वर्षं याच विषयावर लिहिलेलं टाकून देण्यात गेली. तोवर दोन कादंबऱ्या झालेल्या, पैकी पहिलीलाच नॉर्वेच्या समीक्षकांचा पुरस्कार. सोळाव्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री बिअरच्या पिशव्या कशा लपवल्या, कोण काय बोललं, हे पंचवीस वर्षांनी शब्दशः कुणाला आठवतं? ते रचावं लागतं! काकांनी खटल्याची धमकी दिली, हे सगळं खोटं आहे म्हणाले. आणि सहाव्या भागात लेखक स्वतःच्याच आठवणीवर संशय घेतो. "उतरवणाऱ्या"ला असा संशय कशाला येईल?

तेव्हाच्या बायकोच्या मानसिक आजाराबद्दल लिहिलं म्हणून "धाडसी" म्हणा. ती लिंडा बोस्ट्रम, स्वतः कादंबरीकार, हे मात्र विसरा. पहिल्या बायकोनं रेडिओवर मांडलेली बाजूही.

पुरे झालं. कंटाळा आला तर कंटाळा म्हणा. घरच्यांवर अन्याय केला म्हणा. बापाकडच्या चौदा नातेवाइकांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून झोडपलंच होतं त्याला. त्याच्यावर सर्वांत जास्त चिडलेल्या काकांनीसुद्धा आधी हस्तलिखित वाचलं होतं. तुम्ही मलपृष्ठ वाचून माइक हातात घेता, वर मानधनाचं पाकीट खिशात घालता. लाज वाटू द्या जरा.